तुम्ही विचारलंत म्हणून: आजच्या माणसाला ख्रिस्त कसा सांगावा?

आजच्या माणसाला ख्रिस्ताविषयी कसे सांगता, असे मला आमच्या मंडळीतले तरुण विचारतात आणि चर्चची पायरी कधीही न चढलेले मित्रही विचारतात, मात्र दोघांच्या विचारण्याचा सूर वेगळा असतो. तरुणांना साधन हवे असते, म्हणजे गिटार, पडदा, रील. मित्रांना मुळात सांगायचेच कशाला, हे हवे असते.

साधनाची चिंता मला फारशी वाटत नाही, कारण या मातीत ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांनी आधी ऐकणाऱ्याची आवड आणि अडचण जाणून घेतली. इंग्लंडमध्ये जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून निघाले. छपाईचे देवनागरी खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले, पण छंद मात्र इथलाच राहिला. जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हांला काही द्या, अशी मागणी झाल्याचे त्या ग्रंथातच येते, आणि हे सारे पोर्तुगीज सत्तेच्या छायेत घडले, ही गोष्ट मला आजही खुपते.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी ही छाया नव्हती, म्हणून ते मला अधिक जवळचे वाटतात. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर घर, नातीगोती सारेच दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. तरीही तुकोबांचे अभंग त्यांनी टाकून दिले नाहीत, उलट तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. अहमदनगरच्या मिशनमध्ये विलायती चालींवरची गीते रूढ असताना त्यांनी अभंग आणि भजने रचली, कीर्तनातून ख्रिस्तचरित्र सांगितले, आणि ती भजने मराठी उपासनेत आजही गायली जातात. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही ज्यात जागा होती असा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यानंतर दोनच वर्षांत ते वारले. तो प्रयोग टिकला नाही, तरी माझ्या मते त्यांच्या कवितेइतकाच तो मोलाचा आहे.

अलीकडचे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि वसईच्या जमिनी, विहिरी, वाड्या बांधकामांखाली जाऊ लागल्या तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा काहींनी विरोधही केला. पाणी आणि जमीन हा गावातल्या सर्वांचाच प्रश्न होता. त्या प्रश्नात आपल्याबरोबर उभा राहिलेला धर्मगुरू प्रवचनात काय म्हणतो, हे ऐकायला माणसे थांबतात.

मित्रांना मी वेगळे उत्तर देतो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे, मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले, आणि श्रद्धेच्या बाजूनेही मला हे पटते, कारण मन पालटणे हे देवाचे काम आहे. आजाऱ्याला औषध देताना किंवा मुलाची फी भरताना त्याच्यावर श्रद्धेची अट घालणे हा माझ्या लेखी शुभवर्तमानाचा अपमान आहे. पण जे मला जगवते, त्याबद्दल कोणी विचारले असता गप्प बसणेही खोटेपणाचेच ठरेल.

तरुणांना मात्र आणखी एक सांगावे लागते. बायबलमध्ये येते की अथेनैमध्ये, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्समध्ये, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ‘अज्ञात देवाला’ असे लिहिलेल्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली, ग्रीक कवींच्या ओळी घेतल्या, आणि श्रोते ऐकतही राहिले. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच मात्र काहींनी थट्टा केली. ती थट्टा टाळण्यासाठी तो विषय त्याने वगळला नव्हता. तेव्हा रील करायचे असेल तर जरूर करा, फक्त ते गोड व्हावे म्हणून त्यातून वधस्तंभ काढू नका, आणि ते पाहून रात्री अकरा वाजता कोणी खरोखरच प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर द्यायला तुमच्यातला कोण जागा राहणार, हे आधी ठरवा.