गुड फ्रायडेचे तीन तास: माझा अनुभव

मी वऱ्हाडातील एका जिल्हा परिषद शाळेत एकोणीस वर्षांपासून शिकवते आणि धर्माने ख्रिस्ती आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर पाढे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना, असा त्यांचा क्रम असे. माझी शाळा मात्र पूर्णपणे सरकारी पैशावर चालते आणि संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे बंधन मला कधी जाचले नाही. वर्गात मी बायबलमधील वचन उच्चारत नाही. एखाद्या पोरावर हात उगारावासा वाटला की ते मनात आठवते, एवढेच. सरस्वतीपूजनाला रांगोळी मी काढते, नारळ सहकारी फोडतात, आणि यावरून शाळेत कधी चर्चादेखील झाली नाही. अडले ते मार्च 2024 मध्ये, निवडणूक शाखेच्या एका टेबलापाशी.

लोकसभेसाठी आमच्याकडे 26 एप्रिलला मतदान होते. 23 मार्चला, शनिवारी, नेमणुकीचा आदेश हाती पडला आणि त्यात माझ्या प्रशिक्षणाची तारीख होती 29 मार्च, सकाळी अकरा ते चार. तो गुड फ्रायडे. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते आणि पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, वाचण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. गैरहजर राहिल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 134 खाली कारवाई होईल, असे आदेशाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले होते. मला काम टाळायचे नव्हते. तेच प्रशिक्षण दुसऱ्या तुकडीला शनिवारी होणार होते. त्या तुकडीत माझे नाव घालावे, एवढीच विनंती होती.

सोमवारी धुळवडीची सुट्टी, म्हणून मंगळवारी मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह अर्ज घेऊन गेले. लिपिकाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा अर्जाकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, नावावरून तर तुम्ही ख्रिश्चन वाटत नाही. पुरावा जोडा.” आमच्याकडची नावे आणि आडनावे चारचौघांसारखी मराठीच असतात, हे मी समजावून सांगितले, पण अर्ज पुढे सरकला नाही. संध्याकाळी पाळकसाहेबांना गाठले. त्यांनी नोंदवही पाहून बाप्तिस्म्याचा दाखला लिहून दिला. बुधवारी तो दाखला परत आला, कारण त्यावर जावक क्रमांक नव्हता. बिचाऱ्या पाळकसाहेबांनी दोनशे पानी नवी वही आणली, पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखले आणि माझ्या दाखल्याला ‘जावक क्र. 1’ दिला. गुरुवारी तोही चालेना. आता दाखला ‘सक्षम अधिकाऱ्याचा’ हवा होता.

राग आला, आणि रागातच डोके चालले. माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिलेले आहे आणि ते पुस्तक समोरच्याच इमारतीत, पंचायत समितीच्या कपाटात असते. त्या पानाची प्रमाणित प्रत अर्ध्या तासात मिळाली. ही प्रत प्रत्येकाने आधीच काढून घरी ठेवावी; मी तीन दिवस वाया घालवले. तरीही लिपिक थांबायला सांगू लागले, तेव्हा मी थेट नायब तहसीलदारांसमोर जाऊन उभी राहिले. गुड फ्रायडे ही राज्य शासनाने परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 खाली जाहीर केलेली सार्वजनिक सुट्टी आहे, हे वाक्य मी वाटेत पाठ केले होते; ते म्हणायची वेळच आली नाही. त्यांनी उभ्या उभ्या ‘तुकडी बदलावी’ असा शेरा मारला.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. मंगळवारी मी तो घेतला नाही, त्यामुळे माझा पहिला अर्ज आलाच नाही असे ठरले.

गुरुवारी संध्याकाळी बदललेला आदेश देताना लिपिक उठून उभे राहिले आणि अगदी मनापासून “हॅपी गुड फ्रायडे, मॅडम” म्हणाले. तो आमचा शोकाचा दिवस असतो, हे सांगायला मी थांबले नाही. सहाची बस गाठायची होती.