पंपाखालचा ठोकळा

वडील गेले आणि दोघा भावांत दोन गाड्या उरल्या: डिझेल ॲम्बॅसॅडर आणि पेट्रोलची पद्मिनी. दोघांनाही चांगली तीच पाहिजे. "मिस्तरी, तुमीच सांगा ना बावा, कोनती चांगली हाय थे," म्हणून दोन्ही गाड्या परतवाड्याला माझ्या गॅरेजसमोर लावल्या. मे महिना, 45 च्या वर ऊन.

कागदावर पद्मिनीच पुढे. 1089 सीसी, पण 40 हॉर्सपॉवर. ॲम्बॅसॅडरचं डिझेल इंजिन 1489 सीसीचं, ताकद 37, आणि अंगाने ती दोनशे किलोंहून जास्त जड. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्हींना स्टेअरिंगजवळचा चार गिअरचा दांडा. पद्मिनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरला सारखं आलं. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून गॅप बसवला, प्लग बदलले, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट लावली. इंजिन असं संथ चाललं की बोनटवर ठेवलेला पान्हा हलला नाही.

तरी म्हटलं, चिखलदऱ्याचा घाट चढवून पाहू. दोन्ही गाड्यांत चार-चार माणसं.

धामणगाव गढी सोडल्यावर पद्मिनी दिसेनाशी झाली. ॲम्बॅसॅडर सेकंडमध्ये काळा धूर सोडत रेटत होती. मोठा भाऊ गप्प बसला होता. मग एका वळणावर पद्मिनी उभी दिसली, बोनट वर, धाकटा सेल्फ मारतोय. एअर घेतली, असं आमच्याकडे म्हणतात. खरं म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा जो पंप असतो, त्यात पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पंप वाफच ढकलत बसतो. डिझेलला हे दुखणं नाही. ओलं फडकं पंपावर गुंडाळून वीस मिनिटं थांबलो. चार वळणं चढली, पुन्हा बंद. ॲम्बॅसॅडर न थांबता वर पोचली.

"मले अंबॅसिडर पायजे," मोठा म्हणाला. धाकट्याने मान खाली घातली. मीही 'बरोबर' म्हणालो.

दोन दिवसांनी धाकट्याने गाडी आणून सोडली. या वेळी पंप उतरवला. पंप आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या धडाच्या, मध्ये बेकलाइटचा (कडक प्लास्टिकचा) ठोकळा पाहिजे, इंजिनची उष्णता पंपात जाऊ नये म्हणून. त्याजागी कुणीतरी ॲल्युमिनियमची पट्टी कापून बसवली होती. जाडी अगदी तंतोतंत, भोकंही सफाईने पाडलेली. हात चांगला असून असं काम करणाऱ्याचा मला जास्त राग येतो. बेकलाइट उष्णता अडवतं, ॲल्युमिनियम ती सरळ पंपात सोडतं. भंगारवाल्याकडून जुना ठोकळा आणला, नवीन पॅकिंग कापून बसवला आणि भर दुपारी एकटाच घाट चढलो. वरपर्यंत एकदाही थांबली नाही.

तोवर वाटणीच्या स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या होत्या. तरी दोघांनाही बोलावून पट्टी दाखवली. धाकट्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि खिशात टाकली. मोठा म्हणाला, "मिस्तरी, घाटाच्या आंधी बोनट काऊन नाई उघडलं?"

उघडलं होतं. पॉइंट, प्लग, टॅपेट, कॉम्प्रेशन, सगळं तपासलं होतं. पंप बाहेरून गळत नव्हता, म्हणून त्याला पान्हा लावला नाही.