कूलर चालेना झाला की जास्त जपा

आमच्या नागपुरात मे महिन्यात 45 डिग्री झालं तरी कोणाला नवल वाटत नाही, डोक्याला दुपट्टा बांधला, कूलरमध्ये पाणी भरलं, कैरीचं पन्हं पिलं की चाललो कामाला. मला खरी धास्ती वाटते ती मृगातल्या दिवसांची. दोन सरी पडतात न पाऊस गायब, पारा 38 वर येतो, सगळे म्हणतात चला सुटलो, आणि घरात कूलर नुसती ओली हवा फेकत असतो, अंगाची चिकचिक काही थांबत नाही.

कूलर आणि आपलं शरीर एकाच तत्त्वावर चालतं. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. हवाच दमट असली तर घाम वाळत नाही, नुसता गळतो, पाणी-मीठ निघून जातं आणि उष्णता आतच राहते. नवी मुंबईत खारघरला 16 एप्रिल 2023 ला पुरस्काराच्या कार्यक्रमात उघड्या मैदानावर, डोक्यावर मांडव नसताना बसलेले 14 लोक उष्माघाताने गेले, तेव्हा तिथे काही 45 डिग्री नव्हतं हो, समुद्राजवळची दमट हवा होती. आता समुद्र तापतोय, हवेत बाष्प वाढतंय, म्हणजे असे दिवस वाढणारच.

त्यात रात्रीही थंड होत नाहीत. टिनाच्या घरात झोपणाऱ्यांना तर आरामच नाही. छताला पांढरा चुना मारला तर घर खरंच कमी तापतं, खर्चही फार नाही, पावसाळ्यानंतर परत मारावा लागतो एवढंच.

पण सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? आमच्या गल्लीत बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथली एक बाई दुपारभर पाण्याला हात लावत नाही. विचारलं तर म्हणे, "ताई, पाणी पिलं की जायचं कुठं?" साइटवर संडासच नाही! भर उन्हात विटा वाहायच्या आणि लघवी दाबून ठेवायची, किडनीचं काय होत असेल? तिला भरपूर पाणी प्या सांगून काय उपयोग, आधी संडास द्या, दुपारी 12 ते 4 काम बंद ठेवा. अहमदाबादने 2010 च्या उन्हाळ्यात खूप माणसं गमावली आणि 2013 मध्ये उष्णतेसाठी शहराचा प्लॅन केला, म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

आणि एक, कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं किंवा भोवळ येऊन पडलं तर घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजून थांबू नका, 108 ला फोन करा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.