तुम्ही विचारलंत म्हणून : लाटांवर जायचे तर पॅडलबोर्ड कोणता घ्यावा?

संथ पाण्यात पॅडलबोर्डवर उभे राहून वल्हवणे जमू लागले की माणसाचे लक्ष हमखास लाटांकडे जाते. मांद्र्याच्या खाडीत किंवा शापोरा नदीत शिकलेली, पुण्या-मुंबईहून सुट्टीपुरती गोव्यात येणारी मंडळी गेली काही वर्षे मला एकच प्रश्न विचारत आली आहेत : आता लाटांवर जायचे आहे, तर बोर्ड कोणता घ्यावा? किनाऱ्यावर उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अपुरे पडते, आणि हौसेने घेतलेला बोर्ड दोन हंगामांत विकायला काढणारी माणसेही मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझे म्हणणे असे की, पहिला बोर्ड लाटेची वाट पाहत उभे राहण्यासाठी निवडावा. लाटेवरची धाव त्यानंतर येते. आश्व्याच्या किनाऱ्यावर एका तासात तुम्हांला दहा-बारा लाटा मिळाल्या, तर तो उत्तम दिवस म्हणायचा. एकेका लाटेवरची धाव आठ-दहा सेकंदांची असते, म्हणजे तासातली सगळी मिळून दोन मिनिटे. उरलेली अठ्ठावन्न मिनिटे तुम्ही फेसाळ पाणी कापत आत जात असता, फुटलेल्या लाटांचे धक्के गुडघ्यांत जिरवत असता, किंवा लाटा फुटतात त्या रांगेच्या बाहेर डचमळत्या पाण्यावर उभे राहून क्षितिजाकडे पाहत असता. या अठ्ठावन्न मिनिटांत जो बोर्ड तुम्हांला उभे ठेवत नाही, तो त्या दोन मिनिटांपर्यंत तुम्हांला पोहोचूच देत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. माझे वजन ७८ किलो आहे. संथ पाण्यावर वर्षभर घालवल्यानंतर मी एका परत जाणाऱ्या पर्यटकाकडून ८ फूट २ इंच लांब, साडेअठ्ठावीस इंच रुंद आणि सुमारे १०५ लिटरचा बोर्ड घेतला. तो दिसायला देखणा होता आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्या पायाखाली तो सुरीसारखा वळत असे. माझ्या पायाखाली मात्र तो थांबल्या क्षणी बुडू लागे. वल्हे मारत राहिलो तर उभा राही. वल्हे उचलून मागे येणारी लाट पाहायला मान वळवली की कड पाण्याखाली जाई आणि मी त्यापाठोपाठ पाण्यात. तो सबंध हंगाम मी बोर्डावर चढण्यात घालवला आणि लाटा मोजक्याच घेतल्या. मे महिन्यात तो विकला आणि ९ फूट २ इंच, ३१ इंच रुंद, १४० लिटरचा बोर्ड घेतला. त्याच्यावरच्या पहिल्याच सकाळी आधीच्या सबंध महिन्यात मिळाल्या नव्हत्या इतक्या लाटा मला मिळाल्या.

या लिटरांचा अर्थ समजून घेणे कठीण नाही. बोर्डाचे आकारमान जितके लिटर, साधारण तितक्या किलोंचा भार तो पूर्ण बुडायच्या बेतात आला असताना तोलून धरतो. १४० लिटरच्या बोर्डाचे स्वतःचे वजन नऊ-दहा किलो आणि माझे ७८ धरले, तरी पन्नासएक लिटर शिल्लक राहतात, आणि हीच शिल्लक डचमळत्या पाण्यात तुमच्या चुका पोटात घालते. १०५ लिटरच्या बोर्डात माझ्यासाठी ही शिल्लक अठरा-वीस लिटरचीच होती. लाटांत नव्याने उतरणाऱ्याने आपल्या किलोंमधल्या वजनात पन्नास ते साठ मिळवावेत आणि येणाऱ्या आकड्याच्या आसपास लिटर असलेला बोर्ड पाहावा. दोन-तीन हंगामांनंतर ही भर वीस-तीसवर आणता येते. पट्टीचे लोक आपल्या वजनाइतक्याच लिटरांच्या बोर्डावर उभे राहतात. पण ते क्वचितच स्थिर थांबलेले असतात, हे लक्षपूर्वक पाहावे.

लिटर बोर्ड तरंगेल की नाही ते सांगतात. तो कलंडेल की नाही हे रुंदी सांगते. विकणारे लोक लांबीविषयी फार बोलतात आणि खरेदी करणारेही लांबीच विचारतात, पण पायांना जाणवते ती रुंदी. माझ्या वजनाच्या माणसाने ३० ते ३२ इंचांपासून सुरुवात करावी. माझ्या भाचीचे वजन ५२ किलो आहे. तिला मी माझा बोर्ड दिला तेव्हा ती त्यावर टेबलावर उभी राहावी तशी निवांत उभी राहिली, पण लाटेवर तिला तो वळवता येईना. तिचा भार कडेला पाण्यात रुतवायला पुरतच नव्हता. ८ फूट ६ इंच लांब, ३० इंच रुंद, ११० लिटरचा बोर्ड मिळाल्यावर ती आठवड्याभरात वळू लागली. मोठा बोर्ड म्हणजे सुरक्षित बोर्ड, असे सरसकट समजू नये.

आता हवेच्या बोर्डाविषयी, कारण बहुतेकांकडे तोच असतो. १० फूट ६ इंच लांब आणि ६ इंच जाड असा फुगवायचा बोर्ड खाडीसाठी, नदीसाठी, गाडीच्या डिकीत घालून नेण्यासाठी अतिशय सोयीचा आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु पंधरा पीएसआय दाबाने भरलेल्या त्या पिशवीच्या कडा नळीसारख्या गोल असतात. पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वर चढते, म्हणून शेपटीकडून ते सुटत नाही आणि बोर्ड लाटेवर मोकळा धावत नाही. लाटेसाठीच्या कठीण बोर्डाची मागची कड बोटाने चाचपून पाहा. खालच्या बाजूला ती स्पष्ट धारदार लागते. पाणी जिथे सुटायला हवे तिथे ती धार असते. शिवाय हवेचा बोर्ड पुढे फारसा उचललेला नसतो. लाट मागून उचलते तेव्हा त्याचे नाक सरळ पाण्यात घुसते आणि चालवणारा त्याच्यावरून पुढे फेकला जातो. गुडघाभर फेसात सराव करायला तो चालेल, त्यापुढे नाही. लांब पल्ल्यासाठीचा साडेबारा फुटी टोकदार बोर्डही लाटांत नेऊ नये. तो सरळ जाण्यासाठीच घडवलेला असतो आणि लाटेवर मन वळवावे तितक्या चटकन वळावे लागते.

नाकाच्या या उचलीला रॉकर म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या लाटा वाळूच्या पट्ट्यांवर फुटतात. भरती अर्ध्यावर असताना त्या ऐसपैस ओघळतात, पण ओहोटीच्या अखेरीस तीच लाट उथळ पट्ट्यावर एकदम उभी राहते. म्हणून नाकाला माफक उचल असलेला बोर्ड घ्यावा. फार वाकवलेला बोर्ड घेऊ नये, कारण मग तो वल्हवताना पाणी ढकलत राहतो आणि आपल्या कंबरभर लाटांना गाठायला लागणारा वेग येतच नाही. शेपटीचा आकार चौकोनी असावा की गोल की दुभंगलेला, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पहिल्या बोर्डासाठी रुंद, कोपरे गोलावलेली चौकोनी शेपटी घ्यावी आणि पुढे जावे. फिन, म्हणजे शेपटीखालचे पंख, तीन असाव्यात, मधली मोठी आणि बाजूच्या दोन लहान. मधली फिन फार लांब घेऊ नये, कारण उथळ वाळूत तीच आधी टेकते.

या खेळाचा जन्मच लांबलचक बोर्डांवर झाला. हवाईतल्या वायकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे बीच बॉय विसाव्या शतकाच्या मध्यास होडीचे वल्हे हातात घेऊन उभ्याने लाटा घेत, आणि पुढे तिथल्याच माउई बेटावरच्या लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या सर्फरांनी हा प्रकार जगापुढे आणला, तेव्हाही बोर्ड अकरा-बारा फुटांचे असत. ९ फुटांचा बोर्ड मोठा वाटून ज्यांना संकोच होतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

जुना बोर्ड घ्यायला हरकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, हंगाम आवरताना, आपल्याकडे चांगले बोर्ड विकायला येतात. मात्र तपासल्याशिवाय घेऊ नयेत. बहुतेक बोर्डांच्या पोटात थर्माकोलच्या जातीचा फोम असतो आणि वरून फायबर व एपॉक्सीचे कवच. कवचाला केसाएवढी चीर गेली तरी फोम पाणी पितो. मी घरातला वजनकाटा सोबत नेतो, बोर्ड हातात धरून त्यावर उभा राहतो आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करतो. नऊ किलोंचा म्हणून विकला जाणारा बोर्ड साडेअकरा भरला, तर अडीच किलो समुद्र त्याच्या पोटात आहे. नंतर पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबत जावे. एखादी जागा पापडासारखी दबली, तर कवच फोमपासून सुटले आहे. काळ्या कव्हरात उन्हात ठेवलेल्या बोर्डाची हीच गत होते. आत तापून फुगलेली हवा बाहेर सोडायला बोर्डात छोटा स्क्रू असतो, तो कुठे आहे तेही विचारून घ्यावे.

पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, सरळ आणि बोर्डाच्या लांबीएवढी घ्यावी. टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळी असलेली लीश संथ पाण्यासाठी आहे. लाटेत ती ताणली जाऊन बोर्ड थेट तुमच्या तोंडाकडे परत फेकते. वल्हे मात्र आखूड करावे. खाडीत ते आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच लांब ठेवतो, लाटांत जेमतेम डोक्याच्या वर तीन-चार इंच पुरे, कारण धावेवर गुडघे वाकवून खाली बसावे लागते.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. उभ्याने असल्यामुळे आपल्याला लाट इतरांच्या आधी दिसते आणि वल्ह्यामुळे ती लवकर गाठताही येते. म्हणून पालथे पडून हाताने वल्हवणाऱ्या सर्फरांच्या घोळक्यात जाऊ नये आणि प्रत्येक लाट घेऊ नये. आपला दहा किलोंचा बोर्ड फेसात सुटला तर पोहणाऱ्याचे डोके फुटू शकते. ज्याला आपला बोर्ड ताब्यात ठेवता येत नाही, त्याने रिकामा किनारा शोधावा. आपल्याकडे असे किनारे सकाळी सहा ते नऊ मिळतात. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि पाणी गुळगुळीत असते. दुपारी खारा वारा सुटला की डचमळ सुरू होते. जून ते सप्टेंबर मात्र समुद्रात उतरू नये. त्या लाटा आपल्या नव्हेत.

मग लहान बोर्ड केव्हा घ्यावा, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात, डचमळत्या पाण्यावर, तुमची नजर पायांकडे न जाता सतत समुद्रावर राहू लागली, की तेव्हा घ्यावा. आणि घेताना एकदम तीस लिटर कमी न करता पंधरा करावेत. माझ्याकडे आता १२५ लिटरचा आहे. १४०चा तसाच भिंतीला टेकून असतो, आणि रविवारी सकाळी कुणी नवखा आला की त्याला आधी त्यावरच उभे राहायला सांगतो.