लेआउटची प्रगती: वळणाची त्रिज्या अखेर ठरली

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रूळ अंथरायच्या आधी वळणांचा निकाल लावायचा होता, तो लागला. आतला मार्ग ७६२ मिलिमीटर, म्हणजे ३० इंच, आणि बाहेरचा ८२२. स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७.

नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, "माझं इंजिन किती इंचाच्या वळणावर जाईल?" माझ्या मते प्रश्न डब्याचा आहे. सहा चाकजोड्यांचं डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिन २२ इंचाच्या वळणावर बहुधा सुखाने जातं, कारण त्याच्या बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, फिरतात. अडतो तो लांब डबा. मला चालवायची आहे डेक्कन क्वीन, २०२२ पासूनच्या एलएचबी रेकची, म्हणजे नव्या बनावटीच्या लांब डब्यांच्या संचाची. एलएचबीचा सांगाडा २३.५४ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये २७० मिलिमीटर. पुढचं डब्ल्यूएपी-७ हे इलेक्ट्रिक इंजिन साधारण २३६. थोडक्यात, इंजिनापेक्षा डबाच मोठा.

हौशी मंडळींचा जुना ठोकताळा असा: सर्वांत लांब डब्याच्या अडीचपट त्रिज्या असेल तर गाडी कशीबशी चालते, तिपटीला भरवशाने चालते, चौपटीला दिसायलाही बरी. माझ्यासाठी तिप्पट म्हणजे ८१० मिलिमीटर. आतल्या मार्गावर मी २.८ पटीवर थांबलोय, बाहेरचा मार्ग तिपटीच्या थोडा वर जातो. खऱ्या रेल्वेशी तुलना केली तर हे काहीच नाही. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. एचओत ती दोन मीटर होते! घरात तेवढी जागा कोणाकडे असणार?

दोन मार्गांतल्या अंतराने मात्र माझा बराच वेळ घेतला, आणि तो देणं गरजेचंच होतं. वळणावर डब्याचं पोट आत झुकतं आणि टोकं बाहेर येतात. बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.९ मीटर, म्हणजे स्केलमध्ये १७१ मिलिमीटर. त्याचा वर्ग करून त्रिज्येच्या आठपटीने भागलं की पोट किती झुकेल ते कळतं. बाहेरच्या मार्गावर ते येतं साडेचार मिलिमीटर. आतल्या मार्गावरच्या डब्याची टोकं सात मिलिमीटर बाहेर येतात. यात डब्याची रुंदी ३७ मिळवा. दोन मार्ग सरळ पट्टीतल्यासारखे ५० मिलिमीटरवर ठेवले, तर समोरासमोर आलेल्या डब्यांत जेमतेम एक मिलिमीटर उरतो. म्हणून वळणात ६०. पुठ्ठ्याचे दोन डबे कापून, बोगींच्या जागी टाचण्या लावून ते कागदी नकाशावर फिरवले. आकडे बरोबर निघाले.

सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये ४५० मिलिमीटरचं संक्रमण वळण, म्हणजे हळूहळू तीव्र होत जाणारं वळण, ठेवतोय. त्यासाठी वर्तुळ सरळ रेषेपासून ११ मिलिमीटर आत सरकवावं लागतं. लाकडाची लवचिक पट्टी दोन टोकांना धरून वाकवली की ती रेषा आपोआप मिळते. एवढ्याशा सरकवण्याने पहिला डबा झटका न खाता वळणात शिरतो. माझं सगळ्यांना आग्रहाचं सांगणं आहे, त्रिज्या थोडी कमी करावी लागली तरी चालेल, पण संक्रमण सोडू नका.

या मापांना अर्धवर्तुळासाठी जवळपास पावणेसहा फूट रुंदी लागते. आठ बाय चारच्या प्लायवूडवर हे बसत नाही. तिथे काठाला थोडी जागा सोडली की त्रिज्येला २२ इंचच उरतात, आणि तेवढ्यात आयसीएफचे जुन्या बनावटीचे, जरा आखूड डबेही ओढाताण करतात. त्यामुळे टेबलाचा विचार सोडला. लेआउट खोलीच्या भिंतींकडेने फिरणार, दारासमोर उचलता येणारा पूल.

उरलंय ते क्रॉसओव्हरचं, म्हणजे एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणाऱ्या जोडाचं. एका बाजूचं वळण संपून लगेच दुसऱ्या बाजूचं सुरू झालं की लांब डब्यांचे कपलर (डबे जोडणारे आकडे) विरुद्ध दिशांना खेचले जातात आणि डबा रुळावरून उतरतो. मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ तुकडा हवा, माझ्यासाठी २७० मिलिमीटर. यार्डाच्या तोंडाशी तेवढी जागा निघत नाहीये. फलाट थोडा आखूड करून ती काढायचा विचार आहे, मग फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ, कापायला घेईन.