वाकडं अंगण

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्यानं काढली त्यानं माझं अंगण पाहिलेलं नव्हतं. माझं खरोखरच वाकडं आहे. घराच्या मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत सात मीटर, रुंदी चार मीटर, आणि या सात मीटरांत जमीन दोन मीटर ऐंशी सेंटीमीटर खाली उतरते. म्हणजे दर पावलाला एक वीत. आई पहिल्यांदा आली तेव्हा मागच्या दारातूनच म्हणाली, "अगं, ही बाग आहे की घसरगुंडी?" आणि उंबरा ओलांडायला तिनं साफ नकार दिला.

सुरुवातीला मला या उताराचा एक फायदाच वाटला होता. नकाशात जागा भरते २८ चौरस मीटर, पण टेप जमिनीला चिकटवून मोजली की ३० होते. दोन चौरस मीटर फुकट! पुढे कळलं की पाऊस वरून पडतो, तो २८ मीटरांचाच पडतो. झाडंही उताराचा मान ठेवून तिरकी वाढत नाहीत, सरळ आभाळाकडे जातात. तण उपटायला मात्र पुरे तीस.

कोरड्या पडलेल्या उतारावर कधी झारीनं पाणी घातलंय? ते आत जातच नाही. थेंबांचे मणी होतात, मण्यांवर धूळ चढते, आणि ते तपकिरी मणी रोपाच्या बुंध्याला वळसा घालून चालू लागतात. दोन-तीन एकत्र येतात, वाटेत एखादं वाळकं पान उचलतात, आणि ज्याला गरज नाही अशा कुंपणाच्या कोपऱ्यात डबकं करून बसतात. रोपाजवळची माती बोटानं उकरावी तर वर नखभर ओल, खाली ठणठणीत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तेव्हा उतार कापून सपाट पट्ट्यांच्या पायऱ्या करायचं ठरलं. पहिली पायरी मी नजरेच्या अंदाजानं केली. उतारावर डोळा फितूर होतो हे तोवर माहीत नव्हतं. मला दिसलेली सपाट रेघ चार मीटरांत चांगली वीतभर कलली होती. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला जमलं, तिथून कड फोडून निघालं आणि झेंडूच्या रोपांसकट माती घेऊन खाली गेलं. (त्या पायरीवर तसंही काही धड आलं नसतं. खणताना वरची काळी माती गाडली गेली होती आणि खालचा मुरूम वर आला होता. वरची माती आधी बाजूला काढून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची, एवढं साधं कुणालाही सुचलं असतं. मला सुचायला वर्ष लागलं.)

दुसऱ्या खेपेला मी 'ए' आकाराची चौकट बांधली. दोन काठ्या वर एकत्र, मध्ये एक आडवी, आणि शेंड्यापासून दोरीला लोंबता दगड. ओळंबाच तो. चौकट जमिनीवर उभी करायची, दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करायची. मग चौकट फिरवून पाय त्याच दोन जागी अदलाबदल करून ठेवायचे आणि दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. गंमत म्हणजे काठ्या थोड्या लहानमोठ्या असल्या तरी बिघडत नाही. मग कंपासासारखी ती चौकट उतारावर आडवी चालवत न्यायची आणि दर पावलाला खुंटी ठोकायची. खुंट्यांची ओळ मला चक्क वाकडी दिसत होती. दोनदा उपटायला गेले, पण दोरी हटेना.

वाहून गेलेले झेंडू एव्हाना कुंपणाशी आडवे पडल्या पडल्या उठले होते. प्रत्येकाचा बुंधा जमिनीलगत, पुढे एकदम गुडघा, आणि तिथून वर ताठ. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. रोप आडवं पडलं की कण घरंगळून नव्या तळाशी जातात आणि मूळ वळतं. खोडातही अशाच कणांची सोय असते, फक्त ते उलट, वर वळतं. म्हणजे माझ्या आधीच प्रत्येक रोपानं ओळंबा लावलेला होता.

आता तीन गडगे आहेत. सिमेंट नाही, नुसते दगड, तेही उताराकडे किंचित रेललेले, आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देता रचलेले. सिमेंटची भिंत आधी घातली होती. तिला पाणी जायला भोकं ठेवली नव्हती, त्यामुळे मागे पाणी साठून तिचं पोट पुढे आलं आणि एका सकाळी ती मधोमध चिरली. गडग्यातून पाणी पाझरतं. मागे मी खडी भरली आहे. पेरू देशातल्या माचू पिचू या इंका नगरीच्या, १५व्या शतकातल्या पायऱ्यांतही तळाला मोठे दगड, त्यावर खडी-वाळू आणि वर माती अशीच भर आहे, हे कळल्यापासून माझा भाव जरा वधारलाय. कडेनं वाळा लावला. त्याची मुळं फारशी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा, आणि दाट पात्यांच्या मागे वाहून आलेला गाळ अडून राहतो.

तरीही माती जातेच. पावसाळा संपला की मी कुंपणाशी जमलेली माती बादलीत भरते आणि वर नेऊन टाकते. उतरताना बादली रिकामी आणि चढताना भरलेली, ही या बागेची रचना मला कधीच मान्य झालेली नाही. पायऱ्या नव्हत्या त्या वर्षी तेवीस बादल्या भरल्या होत्या. यंदा आतापर्यंत नऊ झाल्यात, दहावी अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या बादलीत एक वाकडा झेंडू आलाय.