ढिगात खोचलेली सळई

कोळशाच्या यार्डात मला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. विभागाचं नाव कोल हँडलिंग प्लांट, पण सगळे सीएचपीच म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना वाटतं पॉवर प्लांट म्हणजे बॉयलर आणि टर्बाइन, मलाही तसंच वाटायचं आणि सीएचपीला टाकलं तेव्हा मी चांगला आठवडाभर तोंड पाडून फिरत होतो. कोळसा यायचा, ढिगात पडायचा, पट्ट्यावरून बंकरला, म्हणजे बॉयलरजवळच्या कोठीला जायचा, यात इंजिनिअरचं काय काम असं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी सहाची शिफ्ट. रात्री पाऊस शिंपडून गेलेला त्यामुळे अख्खा ढीग काळाभोर ओला, आणि वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर मधेच एक खाटेएवढा पट्टा कोरडा. राखाडी, फिकट. डोझरवाले काका खाली उतरून तिथेच उभे होते, मला हाक मारली, "साहेब, वास येतोय का बघा." रॉकेल आणि तापलेलं डांबर यांच्या मधला कसलातरी वास होता, फार नाही. मी इन्फ्रारेड गन काढली, लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी, रोखली, 41 अंश. म्हटलं काका एवढं तर उन्हातही तापतं, लक्ष ठेवू. काका काही बोलले नाहीत, तीन मीटरची एक लोखंडी सळई आणली, त्या पट्ट्यात तिरकी खोचली आणि चहाला गेले.

वीसेक मिनिटांनी सळई ओढून काढली. टोक कोमट. मला वाटलं झालं, संपला विषय. मग काकांनी बाटलीतलं पाणी सळईवर ओतत ओतत वर आणलं, आणि टोकापासून साधारण अर्ध्यावर आल्यावर चर्रर्र आवाज आला. म्हणजे आग सगळ्यात आत नव्हती आणि बाहेरही नव्हती, मधे होती. नंतर विचार केला तेव्हा कळलं की हे तसंच असणार, खोल आत हवा पोचत नाही आणि पृष्ठभागावर उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते, मधल्या थरात मात्र जळण्यापुरती हवा मिळते पण थंड होण्यापुरती मिळत नाही. माझी गन फक्त कातडी बघत होती.

आता चूक सांगतो, माझीच आहे. काका म्हणाले लोडर लावून तो भाग फोडून काढू. पण लोडर अनलोडिंगला गुंतलेला, तो काढला तर तिकडचं काम थांबणार, आणि हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन तर दहा पावलांवर. आग आहे, पाणी मारा, यात डोकं कशाला लावायचं! काका नको नको म्हणत होते तरी मी चाळीस मिनिटं पाणी मारायला लावलं, वाफेचे लोट आले, मग धूर बंद. लॉगबुकात लिहिलं, हॉटस्पॉट विझवला, 8:10. सहीसुद्धा ठोकली.

बाराच्या सुमाराला तिथून पाच-सहा मीटरवर दोन ठिकाणी धूर. जवळ गेलो तर खिशाला लावलेला सीओ डिटेक्टर, म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र, वाजायला लागला, मागे फिरलो.

झालं काय होतं, तर पाणी ढिगात मुरलंच नव्हतं. कोरडा कोळसा पाणी पटकन घेत नाही, बरचसं पाणी वरून ओघळून गेलं आणि जाताना बारीक चुरी धुऊन घेऊन गेलं, म्हणजे आम्ही आगीला हवेसाठी घळी पाडून दिल्या. शिवाय आतला कोळसा लाल झालेला असेल तर त्याच्यावर पडलेल्या पाण्याची वाफ कार्बनशी अभिक्रिया करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन देते, दोन्ही जळणारे. हे समीकरण मी वॉटर गॅस म्हणून परीक्षेत लिहिलेलं होतं हो, पूर्ण मार्क मिळालेले.

मग लोडर आला, सगळं थांबवून. वरून डोझर चढवायचा नाही हे काकांनी बजावलं कारण आत जळून पोकळी झालेली असू शकते, मशीन माणसासकट आत जाईल. वाऱ्याकडे पाठ करून बाजूने कापत जायचं. तिसऱ्या-चौथ्या बकेटला आतला भाग उघडा पडला, आधी नुसता करडा दिसला आणि हवा लागल्याबरोबर भर दुपारच्या उजेडात शेंदरी फुलला. तो माल मोकळ्या जागेवर फूटभर थरात पसरायचा, तिथे मात्र बारीक फवारा चालतो, आणि हात लावता येईल इतका गार झाल्याशिवाय पट्ट्यावर घालायचा नाही, कन्व्हेयरचा पट्टा रबराचा असतो.

संध्याकाळी शोधायला बसलो की हाच ढीग का. शेजारचा दोन महिने पडून होता, त्याला काही नाही. हा तर तीनच आठवड्यांचा. लॅबचा रिपोर्ट काढला, जो माल आला तेव्हाच माझ्या टेबलावर आलेला होता आणि मी त्यातली एकच ओळ वाचली होती, जीसीव्ही म्हणजे उष्मांक, किलोमागे 5500 किलोकॅलरी. खूश झालो होतो. त्यात लिहिलं होतं हे हवेत वाळवलेल्या नमुन्याचं, म्हणजे एडीबी, ओलावा 12 टक्के. खाली एकूण ओलावा 28. शंभरातून ओलावा वजा केला की उरतात 72 आणि 88, तर प्रत्यक्ष आलेल्या मालाचा आकडा 5500 गुणिले 72 भागिले 88, बरोबर 4500. कुठल्या बेसिसवर ते न सांगता जीसीव्ही फेकणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून रागच येतो, आणि तो माणूस तेव्हा मी होतो.

पण उष्मांकापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. एवढा ओलावा आणि एवढे व्होलाटाइल्स, म्हणजे तापवल्यावर वायू होऊन निघणारा भाग, असले की हा तरुण कोळसा, सब-बिट्युमिनस, लिग्नाइटच्या वरची पायरी. पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही ओळ आपण पाठ करतो आणि वर जाताना कार्बन वाढतो एवढं लिहून मोकळे होतो. खालच्या पायरीचा कोळसा सच्छिद्र असतो, ऑक्सिजनशी पटकन भिडतो, बॉयलरमध्ये त्यामुळेच लवकर पेटतो आणि यार्डातही त्यामुळेच. शेजारचा ढीग जुन्या पायरीचा, निवांत. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होतं, म्हणजे एकदा उष्णता कोंडली की मग थांबत नाही.

आणि आत हवा जायची सोय कोणी केली? स्टॅकरने, म्हणजे ढीग रचणाऱ्या यंत्राने, उंचावरून टाकलेला माल घरंगळताना मोठे दगड पायथ्याला जातात, चुरी वर राहते, पायथा म्हणजे हवेची जाळीच. म्हणून थर टाकला की डोझर फिरवून दाबायचा. मी त्या आठवड्यात दोन दिवस डोझर दुसरीकडे पाठवला होता, ड्रेन साफ करायला. तेही लॉगबुकात माझ्याच अक्षरात होतं.

500 मेगावॉटचं एक युनिट जास्त राखेच्या कोळशावर दिवसाला 7-8 हजार टन खातं, तेव्हा आमचा जळलेला माल आकड्यात म्हटलं तर काहीच नव्हता, कोणी ओरडलंसुद्धा नाही. पण साफ करायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली. 8:10 ची नोंद खोडायची नसते, एक रेघ मारून बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. काकांना विचारलं कारण काय लिहू, ते सळई फडक्याने पुसत होते, म्हणाले, "दाबला नव्हता, असं लिहा." तेच लिहिलं.